शंभर फुटांचा नियम

न्यू यॉर्क राज्याच्या कायद्यात वर्षानुवर्षे एक साधा नियम चालत आला. रस्त्याखालून गॅसची मुख्य वाहिनी जात असेल आणि तुमचे घर तिच्यापासून शंभर फुटांच्या आत असेल, तर तुम्ही मागाल तेव्हा कंपनीने जोडणी द्यायची. नाही म्हणायची सोय नाही. आणि त्या शंभर फुटांच्या खोदाईचा, पाइपाचा, मजुरीचा खर्च तुमच्याकडून मागायचा नाही. मग तो कोण देतो? कंपनी देत असेल असे वाटते, पण कंपनी कुठून देणार! तो खर्च तिच्या सगळ्या ग्राहकांच्या बिलांत थोडाथोडा चढतो. म्हणजे गावाच्या एका टोकाला कुणी नवा बंगला बांधला, तर दुसऱ्या टोकाला दोन खोल्यांत भाड्याने राहणारी म्हातारी त्याच्या पाइपाचे चार पैसे भरते. तिला ते ठाऊकही नसते.

अमेरिकेत ‘गॅसबंदी’ म्हणून जे भांडण पेटले आहे, त्याच्या बातम्या आपल्याकडे आल्या त्या शेगडीच्या आल्या. सरकार म्हणे लोकांच्या स्वयंपाकघरात शिरून शेगड्या उचलून नेणार! बायकांच्या गप्पांत मीही हे ऐकले. एवढे मोठे देश, आणि यांना शेगडी दिसली? पण कायदे काढून वाचायला बसलं की कळतं, भांडण शेगडीचे थोडे आहे आणि जमिनीतल्या पाइपाचे जास्त. घरात गॅस यावा म्हणून एकेकाळी कायदे झाले. आता तो नव्या घरांत जाऊ नये म्हणून कायदे होत आहेत. दोन्ही वेळा कायदे करणाऱ्यांनी जनतेचे भलेच सांगितले, आणि मला तरी दोन्ही वेळचे लोक खोटे वाटत नाहीत. म्हणून ही हकिकत पहिल्यापासून सांगावीशी वाटते.

गंमत अशी की जमिनीतला गॅस माणसाच्या कामी लावण्याची अमेरिकेतली सुरुवातही न्यू यॉर्क राज्यातच झाली. ईरी सरोवराच्या काठापासून जवळ फ्रेडोनिया नावाचे लहान गाव आहे. तिथल्या ओढ्यातून बुडबुडे येत आणि ते पेटत. विल्यम हार्ट नावाच्या बंदुका बनवणाऱ्या कारागिराने तिथे सुमारे २७ फुटांची विहीर खणली. हे वर्ष १८२१ धरतात. पुढे गावातल्या काही दुकानांत आणि खाणावळीत त्या गॅसचे दिवे लागले. १८२५ मध्ये फ्रेंच सेनानी लाफायेत तिथून गेला तेव्हा त्याचे स्वागत याच उजेडात झाले.

पण मोठ्या शहरांत जो गॅस पोचला तो हा नव्हे. तो कोळशाचा. कोळसा बंद भट्टीत भाजायचा आणि निघालेला धूर धुऊन पाइपात सोडायचा. बाल्टिमोरमध्ये १८१७ मध्ये पहिली कंपनी निघाली, न्यू यॉर्क शहरात १८२३ मध्ये. आपल्या मुंबईच्या रस्त्यांवर १८६०च्या दशकात जे गॅसचे दिवे लागले तेही कोळशाच्याच गॅसचे. या गॅसला घाण वास असे आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड भरपूर. बंद खोलीत कॉक उघडा राहिला तर झोपलेली माणसे उठत नसत. जिथे हा गॅस बनवायचा तिथे डांबरासारखा चिकट गाळ उरायचा. ब्रुकलिनमधला गोवानस कालवा अशाच कारखान्यांनी आणि इतर उद्योगांनी भरला. २०१० मध्ये तो देशातल्या अतिदूषित जागांच्या यादीत घालावा लागला.

आता इथे एक वळण आहे, आणि ते मला फार महत्त्वाचे वाटते. त्या काळी घरात गॅस येई तो दिव्यासाठी. स्वयंपाक कोळशावर आणि लाकडावर चाले. मग १८८२ च्या सप्टेंबरात एडिसनने मॅनहॅटनमध्ये पर्ल स्ट्रीटवर वीजघर सुरू केले. विजेचा दिवा काजळी धरत नाही, पडदा पेटवत नाही, वारा आला की विझत नाही. गॅस कंपन्यांना कळून चुकले की आपला धंदा गेला. जमिनीत मैलोन्‌मैल पाइप पुरलेले, त्याचे पैसे वसूल व्हायचे, आणि दिवे तर विजेकडे चालले. तेव्हा त्यांना स्वयंपाकघर आठवले. कंपन्यांनी शेगड्या भाड्याने दिल्या, हप्त्यावर दिल्या. पगारी बायका नेमून गावोगाव स्वयंपाकाची प्रात्यक्षिके केली. पुढे १९३०च्या दशकात ‘नाऊ यू आर कुकिंग विथ गॅस’ ही घोषणा रेडिओवरच्या विनोदवीरांच्या तोंडी इतकी रुळली की ती जाहिरात आहे हेच लोक विसरले. आजही ‘आता कसं काम जमलं!’ अशा अर्थाने अमेरिकन माणूस ते वाक्य बोलून जातो.

शेगडी विकायला मोठा प्रचार लागला हे खरे. पण बायकांना फसवून ती गळ्यात मारली असे कुणी म्हणत असेल, तर त्याने कधी चूल फुंकलेली नाही. माझी आई चिकोडीकडच्या खेड्यात चुलीवर सगळ्या घराचा स्वयंपाक करायची. एकेक लाकूड आधी आपटून, झाडून घ्यायचं, किडामुंगी असेल तर बाजूला करायची, मग चुलीत सारायचं. पावसाळ्यात सरपण ओलं. डोळे लाल. भिंती काळ्या. अमेरिकेतल्या बाईचेही तेच होते, तिच्याकडे लाकडाऐवजी कोळसा. पहाटे उठून राख काढायची, कोळशाची बादली उचलायची, आणि उन्हाळा असो की हिवाळा, भट्टी तापेपर्यंत वाट पाहायची. तिच्या हातात एक चावी आली. फिरवली की जाळ, उलटी फिरवली की बंद. त्या सुखाला कोणत्याही इतिहासाने नावे ठेवू नयेत.

कंपन्या मात्र मक्तेदार झाल्या होत्या. एका रस्त्याखाली दोन-दोन पाइप घालण्यात अर्थ नसतो, म्हणून गावात एकच कंपनी उरते, आणि मग ती मागेल तो दर. १९०५ मध्ये न्यू यॉर्कच्या विधिमंडळाने गॅस आणि विजेच्या कंपन्यांची चौकशी लावली. चार्ल्स इव्हान्स ह्यूज हा त्या चौकशीचा वकील. थंड डोक्याचा, दाढीवाला माणूस. त्याने कंपनीचे हिशेब उघडे केले, तेव्हा गॅस बनवायचा खर्च आणि ग्राहकाकडून घेतला जाणारा दर यांतली तफावत सगळ्या शहराने पाहिली. १९०६ मध्ये हजार घनफुटांचा दर एक डॉलरवरून ऐंशी सेंटवर आणणारा कायदा झाला. कंपनी न्यायालयात गेली, आणि १९०९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरली. तोवर ह्यूज राज्याचा गव्हर्नर झाला होता. १९०७ मध्ये त्याने सार्वजनिक सेवा आयोग स्थापन केला. कंपनीला मक्ता हवा ना? घ्या. पण दर आम्ही ठरवू, आणि जो मागेल त्याला गॅस द्यावा लागेल. गरिबाच्या गल्लीत परवडत नाही म्हणून पाइप नेणार नाही, हे चालणार नाही.

शंभर फुटांचा नियम या विचाराच्या घरातला. १९८१ च्या कायद्याने घरगुती ग्राहकांचा हा हक्क आणखी पक्का केला. थंडीत कुणाचे बिल थकले म्हणून उद्याच पाइप कापायचा नाही, म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना जपायचे, असे नियम त्यात आले. तो कायदा हाती घेऊन आज कुणी म्हणाले की गॅस हा आमचा हक्क आहे, तर ते उगाच बोलत नाहीत.

मधल्या काळात गॅसच बदलला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या तेलाची जहाजे बुडवू लागल्या, म्हणून टेक्सासपासून पूर्व किनाऱ्यापर्यंत तेलाच्या दोन प्रचंड वाहिन्या जमिनीतून घातल्या होत्या. १९४७ मध्ये सरकारने त्या विकल्या आणि त्यांतून नैसर्गिक वायू वाहू लागला. १९५१ च्या सुमारास तो न्यू यॉर्क शहरात पोचला. कोळशाच्या गॅसपेक्षा याची उष्णता जवळजवळ दुप्पट, म्हणून घरोघरी बर्नर बदलावे लागले. विषारी कार्बन मोनॉक्साइड त्यात नव्हता, शहरातल्या काळ्या भट्ट्या बंद पडल्या. सुटकेचाच निःश्वास होता तो.

या गॅसला स्वतःचा वास नसतो, हे पुष्कळांना माहीत नसते. १८ मार्च १९३७ रोजी टेक्सासमधल्या न्यू लंडन या गावी शाळेत गळलेला गॅस तळमजल्याखाली साठला आणि शाळा सुटायला थोडा वेळ असताना स्फोट झाला. सुमारे तीनशे मुले आणि शिक्षक गेले. कुणाला वासच आला नव्हता, येणार कसा? त्यानंतर टेक्सासने गॅसमध्ये मुद्दाम दुर्गंधी मिसळण्याची सक्ती केली आणि ती चाल सगळीकडे गेली. कुजक्या कांदा-लसणासारखा तो वास, ज्या घरात कांदा-लसूण कधी आला नाही त्या घरातलं मूलसुद्धा आता ओळखतं.

नव्या घरांना गॅस नाकारणे हे आजचे नवे खूळ आहे, असे दोन्ही बाजूंचे लोक बोलतात. ते खरे नाही. १९७०च्या दशकात अमेरिकेत गॅसची टंचाई झाली. केंद्र सरकारने विहिरीवरचा भाव इतका खाली धरून ठेवला होता की नव्या विहिरी खणायला कुणी धजेना. अनेक राज्यांत कंपन्यांनी आणि आयोगांनी नव्या घरगुती जोडण्या चक्क थांबवल्या. १९७७ च्या जानेवारीत कडाक्याची थंडी पडली, शाळा-कारखाने बंद ठेवावे लागले. अध्यक्ष कार्टर लोकरी स्वेटर घालून दूरचित्रवाणीवर आले आणि घरातली उष्णता कमी ठेवा म्हणाले, ते याच वेळचे. १९७८ च्या एका केंद्रीय कायद्याने वीजघरांवर तर बंधने घातलीच, पण अंगणात शोभेसाठी लावायच्या नव्या गॅसच्या दिव्यांनाही मनाई केली. म्हणजे गॅस कमी आहे म्हणून बंदी, हे लोकांनी एकदा पाहिले होते. पुरवठा वाढला आणि ती बंदी विस्मरणात गेली. विजेवरचे घर म्हणाल तर तेही जुनेच. १९५०च्या दशकात वीज कंपन्यांनी सगळे विजेवर चालणाऱ्या घरांना सोनेरी पदकाची पाटी लावायची टूम काढली होती. तेव्हा हवामानाचा विषयही नव्हता, फक्त गिऱ्हाईक ओढायचे होते.

आत्ताच्या भांडणात मात्र टंचाई नाही. उलट, गॅस फार आहे. भीती त्याच्या धुराची आणि गळतीची आहे. न जळता सुटलेला मिथेन वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून जास्त उष्णता धरून ठेवतो. शहरांखालचे पाइप जुने, काही तर बिडाचे, शंभर वर्षांपूर्वीचे. १३ सप्टेंबर २०१८ च्या संध्याकाळी मॅसॅच्युसेट्सच्या मेरिमॅक खोऱ्यात लॉरेन्स, अँडोव्हर आणि नॉर्थ अँडोव्हर या तीन गावांत एकामागून एक घरे पेटली. बिडाची जुनी वाहिनी बंद करून नवी जोडण्याचे काम चालले होते. दाब मोजणाऱ्या नळ्या जुन्या वाहिनीवरच राहिल्या. तिच्यातला दाब उतरला तसा यंत्राला वाटले गॅस कमी पडतोय, आणि त्याने नव्या वाहिनीत दाब वाढवत नेला. एक तरुण मेला, वीसहून अधिक माणसे जखमी झाली, आणि हजारो घरे महिनोन्‌महिने गॅसवाचून राहिली, थंडी सुरू झाल्यावरसुद्धा.

पुढच्याच वर्षी, जुलै २०१९ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराने नव्या इमारतींत गॅसचे पाइप घालायला मनाई केली. देशातले असे पहिले शहर. खानावळवाल्यांच्या संघटनेने दावा लावला. उघड्या जाळाशिवाय आमचे पदार्थ होणार नाहीत, हे त्यांचे गाऱ्हाणे. न्यायालयात मात्र मुद्दा चालला तो निराळाच. १९७५ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे उपकरणांच्या ऊर्जावापराचे नियम केंद्राने करायचे, मग शहराने पाइपच तोडून तेच साधले तर चालेल का? खालच्या न्यायालयात शहर जिंकले, एप्रिल २०२३ मध्ये अपील न्यायालयात हरले. जानेवारी २०२४ मध्ये फेरविचारही नाकारला गेला आणि बर्कलीने आपला नियम मागे घेतला.

एका शहराची ही धास्ती इतर राज्यांनी फार लवकर घेतली. फेब्रुवारी २०२० मध्ये ॲरिझोनाने उलटा कायदा केला: राज्यातल्या कोणत्याही गावाने गॅसजोडणीला बंदी करायची नाही. त्याच वर्षी टेनेसी, लुइझियाना, ओक्लाहोमा, आणि पुढच्या काही वर्षांत वीसहून अधिक राज्ये. म्हणजे एका देशात दोन प्रकारचे कायदे झाले, एक गॅस थांबवणारे आणि एक थांबवायला बंदी करणारे. या दुसऱ्या प्रकाराचे मला जास्त नवल वाटते. गावाचा कारभार गावाला, असे एरवी जे पक्ष घसा फोडून सांगतात, त्यांनीच गावांचे हात बांधले.

न्यू यॉर्कमध्ये त्या सुमारास काय चालले होते ते पाहण्यासारखे आहे. मार्च २०१९ मध्ये वेस्टचेस्टरच्या दक्षिण भागात तिथल्या कंपनीने नव्या जोडण्या थांबवल्या, वाहिनीची ताकद संपली म्हणून. मे महिन्यात ब्रुकलिन, क्वीन्स आणि लाँग आयलंडमध्ये नॅशनल ग्रिडने तेच केले. समुद्राखालून नवी वाहिनी आणायला राज्याने परवानगी नाकारली होती, तेव्हा कंपनी म्हणाली, मग आमच्याकडे गॅस नाही. नवी घरे बांधून तयार, छोटी हॉटेले भाडे भरत बसलेली, आणि गॅस नाही. अकराशेहून अधिक अर्जदारांना जोडण्या देण्याचा आदेश आयोगाला काढावा लागला. नोव्हेंबरात गव्हर्नर कुओमोंनी परवाना काढून घेण्याची धमकी दिली, तेव्हा कंपनी नमली आणि ३ कोटी ६० लाख डॉलरचा भुर्दंड कबूल केला. त्याच उन्हाळ्यात याच गव्हर्नरांनी हवामानाच्या कायद्यावर सही केली होती. २०५० पर्यंत राज्याचे प्रदूषण ८५ टक्क्यांनी उतरवायचे, असे त्यात लिहिले आहे. एका हाताने गॅस कमी करू म्हणायचे, दुसऱ्या हाताने गॅस का देत नाही म्हणून दरडवायचे! पण त्यांना तरी दोष किती द्यावा. कायदा दोन्ही सांगत होता. शंभर फुटांचा नियम अजून पुस्तकात होता.

डिसेंबर २०२१ मध्ये न्यू यॉर्क शहराने आपल्यापुरता नियम केला. मग मे २०२३ मध्ये अर्थसंकल्पाबरोबर राज्याचाच कायदा झाला, विधिमंडळाने केलेला देशातला असा पहिला. सात मजल्यांपर्यंतच्या नव्या इमारतींत २०२५ च्या अखेरीपासून, उंच इमारतींत २०२८ च्या अखेरीपासून गॅस किंवा तेलाची उपकरणे लावायची नाहीत. जुन्या घरांना हात लावलेला नाही. कुणाची शेगडी उचलून नेलेली नाही. उपाहारगृहे, इस्पितळे, प्रयोगशाळा, कारखाने, धुलाईची दुकाने, शवदाहगृहे, सगळ्यांना सूट. यादी वाचताना वाटले, हा कायदा फार मोठा समजून लोक भांडतात, आहे तो एवढासा. पण एवढासा असला तरी दोनशे वर्षांची दिशा फिरवणारा आहे.

माझ्या चुलतबहिणीची मुलगी तिकडे राहते. नवं घर पाहत होती. फोनवर तिचा पहिला प्रश्न, “मावशी, इंडक्शनवर फुलका कसा फुगणार गं?” मी म्हटलं, तव्यावरच फडक्याने दाबून फुगवायचा, आपल्या आज्या काय गॅसवर भाजत होत्या? पण तिला खरी काळजी निराळी होती, ती हळूच निघाली. वीज गेली तर? तिकडच्या थंडीत ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. डिसेंबर २०२२ मध्ये बफेलोच्या हिमवादळात चाळीसहून अधिक माणसे गेली. काही भागांत वीज नव्हती. कायद्याचे विरोधक नेहमी बफेलोचे नाव घेतात, आणि त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे: गॅसची शेगडी काडीने पेटते. मात्र घर गरम ठेवणारी गॅसची भट्टी विजेच्या पंख्यावाचून चालत नाही, हे ते सांगत नाहीत. अमेरिकन घरात बहुतेक गॅस भट्टीत आणि पाणी तापवण्यात जळतो. शेगडीचा वाटा फार लहान. तरी भांडण शेगडीवर, कारण शेगडी दिसते, तिच्यावर माया असते. तळघरातल्या भट्टीवर कुणाची माया असणार?

शेगडीविरुद्ध बोलणाऱ्यांपाशीही पुरावा आहे. गॅसच्या जाळातून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो आणि तो मुलांच्या छातीला बाधतो. २०२२ च्या अखेरीस आलेल्या एका अभ्यासाने अमेरिकेतल्या मुलांच्या दम्यापैकी १२.७ टक्के दमा गॅसच्या शेगडीशी जोडला. त्या आकड्यावर पुष्कळ वाद झाला. लहान खोली, खिडकी बंद, वर धूर ओढणारा पंखा नाही, अशा घरांत त्रास जास्त, यावर मात्र फारसा वाद नाही. आणि अशी घरे कुणाची असतात हे सांगायला नको.

मी हे सगळे लिहिते आहे ते बडोद्यात बसून. सरपण झाडणाऱ्या घरातून लग्न होऊन मी इथे आले, तेव्हा ओट्यामागून भिंतीतून आलेला पाइप पाहून थक्क झाले होते. भारतात घरोघरी पाइपाने हा गॅस द्यायला सुरुवात १९७२ मध्ये बडोद्याच्या महानगरपालिकेने केली. गुजरातच्या तेलक्षेत्रांतला गॅस, वाटणारी नगरपालिका. बेळगावकडे तेव्हा सिलिंडरसाठी नाव घालून वर्षं मोजत होते, आणि इथे शेजारीण म्हणायची, “सिलिंडर? ते काय असतं?” आज देशभर गावोगाव तोच पाइप नेण्याचे काम चालले आहे, आणि ज्या बाईने चूल पाहिली आहे तिला त्यात काही खुपणार नाही. आपला आणि न्यू यॉर्कचा हिशेब एक नाही. तिथे प्रश्न चुलीवरून गॅसवर यायचा नसून गॅसवरून विजेवर जायचा आहे. पण पाइपाचे गणित इथे काय आणि तिथे काय, तेच. एकदा पुरला की तो कितीजण वापरतात यावर प्रत्येकाचे बिल ठरते.

आणि न्यू यॉर्कच्या कथेतली खरी दुखरी जागा तीच आहे. समजा, ज्यांच्यापाशी पैसे आहेत त्यांनी हीट पंप बसवले, इंडक्शन घेतले, गॅस तोडला. पाइप तेवढाच, दुरुस्ती तेवढीच, भरणारी घरे कमी. उरलेल्यांची बिले चढतात. बिले चढली की आणखी काही जण जातात. शेवटी कोण उरते? भाडेकरू, ज्याला भिंतीला खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारावे लागते. आणि एकटी म्हातारी, जिचे घर जुने, विजेची तार जुनी, आणि ती बदलायला हजारो डॉलर नाहीत. ह्यूजने ज्यांच्यासाठी कंपनीला बांधून घातले तेच लोक त्या पाइपाला बांधलेले उरतात. नवी घरे गॅसला जोडू नका म्हणणारे हेच सांगतात, की खड्डा आणखी खोल खणू नका. विरोध करणारे म्हणतात, नवी गिऱ्हाइके आली तर ओझे वाटले जाईल, तुम्ही त्यांनाच अडवता. दोघेही त्या म्हातारीचे नाव घेतात. मला पहिल्यांचे जास्त पटते, कारण नवे गिऱ्हाईक शंभर फूट पाइप घेऊनच येते, आणि तो तिच्याच बिलात जातो.

हे ओळखून तिथल्या सिनेटने एकाहून अधिक वेळा एक विधेयक मंजूर केले. शंभर फुटांचा नियम काढा, मागेल त्याला गॅस देण्याची सक्ती सैल करा, आणि त्याबरोबर गरीब घरांचे ऊर्जेचे बिल उत्पन्नाच्या सहा टक्क्यांवर जाऊ नये अशी तजवीज करा. खालच्या सभागृहात ते अडत राहिले. २०२५ मध्ये त्यातला एकच तुकडा, शंभर फुटांचा, वेगळा काढून दोन्ही सभागृहांनी मंजूर केला. सहा टक्क्यांचा तुकडा मागे राहिला. मला विचाराल तर तोच आधी यायला हवा होता.

इतर ठिकाणी वारे दोन्हीकडून वाहते आहे. वॉशिंग्टन राज्यात नोव्हेंबर २०२४ मध्ये लोकांनी मतदान करून गॅसच्या बाजूने कौल दिला, थोड्याच फरकाने. मार्च २०२५ मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी तो घटनेला धरून नाही म्हणून रद्द केला. न्यू यॉर्कच्या कायद्यावरही बांधकामवाले आणि गॅसवाले न्यायालयात गेले होते, बर्कलीचाच मुद्दा घेऊन. जुलै २०२५ मध्ये न्यायाधीशांनी कायदा उचलून धरला. अपील झाले. आणि नोव्हेंबरात, अंमल सुरू व्हायला काही आठवडे उरले असताना, अपिलाचा निकाल लागेपर्यंत थांबायला राज्याने स्वतःच मान्यता दिली. जी समुद्राखालची वाहिनी पूर्वी नाकारली होती तिला त्याच महिन्यात परवानगी मिळाली.

दरम्यान जुने बिडाचे पाइप उकरून प्लास्टिकचे नवे पाइप घालण्याचे काम शहरांत चालूच आहे, कारण गळणारा पाइप तसाच ठेवता येत नाही. त्यांचा खर्च बिलांतून वसूल व्हायला कित्येक दशके लागतात. यंदा पुरलेल्या पाइपाचे हप्ते २०५० नंतरही चालू असतील.